लिस्बनची रिबैरा मंडई व तिचीं छायाचित्रें

लिस्बन शहराचें नांव या त्रैमासिकाच्या वाचकांस नवें नाहीं. मराठे व पोर्तुगीज यांच्या संबंधांचा शोध घेणारा अभ्यासक गोव्याच्या दफ्तरांतून निघाला म्हणजे केव्हां ना केव्हां लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु या दफ्तरखान्यापर्यंत येऊन पोंचतोच. कारण गोव्याच्या 'मोंसोंइश' पुस्तकांचे, म्हणजे मोसमी गलबतांवरून येणाऱ्या-जाणाऱ्या सरकारी पत्रव्यवहाराचे, कित्येक जुने खंड तिकडे नेलेले आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दफ्तर नव्हे. त्याच शहरांतील एक मंडई हा आहे. तेजु नदीच्या कांठीं, काइश दु सोद्रे या रेल्वेस्थानकासमोर, 'मेर्कादु दा रिबैरा' ही इमारत उभी आहे. तिच्या एका भागांत आजही भाजी, मासे व फुलें विकलीं जातात. दुसऱ्या भागांत २०१४ सालापासून खाद्यदालन आहे. खाद्यदालन म्हणजे एकाच छपराखालीं, भिंतींच्या कडेनें निरनिराळ्या बल्लवांचीं स्वयंपाकघरें आणि मध्यें सर्वांसाठीं सामायिक लांब मेजें. अशा इमारतीचीं छायाचित्रें कशीं घेतलीं असतां तीं पुढील पिढीस पुरावा म्हणून चालतील, एवढाच प्रश्न येथें विचारांत घ्यावयाचा आहे. हस्तलिखितें जमविणाऱ्यांस हा प्रश्न परका वाटूं नये. तो त्यांचाच आहे.

प्रथम इमारतीची थोडक्यांत हकीकत. 'रिबैरा' म्हणजे पाण्याचा कांठ. (जुन्या गोव्यांत गलबतें बांधण्याच्या जागेसही रिबैराच म्हणत.) लिस्बनचा जुना बाजार नदीकांठींच, पण आजच्या जागेच्या पूर्वेस भरत असे. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानें शहराचा सखल भाग उद्ध्वस्त झाला, नवी मांडणी झाली, आणि पुढें बाजार पश्चिमेकडे सरकला. सध्याची मंडई १ जानेवारी १८८२ रोजीं उघडली. तिचा योजक फ्रेदेरिकु रेसानु गार्सिया हा नगरपालिकेचा अभियंता; लिस्बनचा प्रसिद्ध रुंद राजमार्ग 'आव्हेनिदा दा लिबेर्दादे' यानेंच पार पाडला. १८९३ सालीं मंडईस आग लागून तिचा कांहीं भाग नष्ट झाला व तो पुन्हा उभारावा लागला. आज नदीकडील दर्शनी बाजूवर जो घुमट लक्ष वेधून घेतो तो मूळच्या १८८२ च्या रचनेंतील नव्हे. तो मागाहून चढविलेला आहे. भाजीबाजारावर घुमट पाहून लिस्बनकरांनीं त्यास 'सलगमांची मशीद' असें नांव ठेवलें. २००० सालीं घाऊक व्यापार शहराबाहेरच्या नव्या बाजारांत गेला, मंडई निम्मी ओस पडली, आणि चौदा वर्षांनीं 'टाइम आउट' या नियतकालिकानें तेथें आपलें खाद्यदालन उघडलें. हें नियतकालिक १९६८ सालीं लंडनमध्यें निघालें. कोणत्या बल्लवास आंत जागा द्यावी हें त्याचे संपादक ठरवितात. नियतकालिकानें मंडई चालवावी हा प्रकार आम्हां त्रैमासिकवाल्यांस विचित्र वाटेल. परंतु वर्गणीदारांच्या संख्येकडे पाहतां त्यांचा हेवाही वाटल्यावांचून राहत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. ज्या पोथीवर चार हातांचें अक्षर आहे अशी पोथी आपल्यापैकीं प्रत्येकानें पाहिली असेल. मूळ लेखकाचें वळणदार अक्षर. समासांत दुसऱ्या कोणाची टीप. हरताळ लावून खोडलेला व वर नव्यानें लिहिलेला शब्द. आणि शेवटीं कोणा मालकाची नांवनिशी. अशा पोथीची प्रत करतांना 'मूळ तेवढें घ्यावें, बाकीचें गाळावें' असें म्हणणारा मनुष्य शुद्धतेचा अभिमानी असला तरी चांगला प्रतकार नव्हे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली तेव्हां डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांचे सहकारी यांनीं जो भाग प्रक्षिप्त ठरविला तो फेंकून दिला नाहीं. तारांकित करून तळटीपेंत अथवा परिशिष्टांत जपून ठेवला. मूळ कोणतें हा संपादकाचा निर्णय झाला. तो निर्णय तपासून पाहण्याचें साधन वाचकाच्या हातीं राहिलें. रिबैरा मंडई ही अशीच अनेक हातांची पोथी आहे. १८८२ चा हात, आगीनंतरच्या दुरुस्तीचा हात, घुमटाचा हात, आणि २०१४ चा हात. छायाचित्र ही तिची प्रत होय, आणि प्रतकाराचे सर्व नियम छायाचित्रकारास लागू पडतात.

सध्यां होतें तें याच्या उलट. एक वर्ग खाद्यपदार्थांच्या भक्तांचा. त्यांच्या चित्रांत थाळी दिसते, हात दिसतो, मागें कांहीं अंधुक दिवे दिसतात. इमारत कोणती हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. यांच्याविषयीं तक्रार करण्याचें कारण नाहीं, कारण आपण पुरावा गोळा करतों असा त्यांचा दावाच नसतो. खरी हानि करतो तो दुसरा वर्ग, जुन्या वास्तूंच्या प्रेमिकांचा. तो पहाटे येतो, नव्या पाट्या चौकटीबाहेर राहतील असा कोन साधतो, मेजांवरून दृष्टि उचलून छपराच्या कैच्यांवर खिळवितो, आणि घरीं जाऊन उरलासुरला नवा भाग संगणकावर पुसून टाकतो. त्याच्या चित्रांत जी मंडई दिसते ती कोणत्याही वर्षीं अस्तित्वांत नव्हती. १८८२ त तेथें टोपल्या, हातगाड्या व चिखल होता. २०१४ नंतर तेथें मेजें व पाट्या आहेत. रिकामें, स्वच्छ व मधुर प्रकाशानें भरलेलें दालन हें या दोहोंपैकीं एकही नव्हे. असें चित्र म्हणजे बनावट सनद. शिक्का खरा, कागद जुना, मजकूर मात्र खोटा.

गर्दी नाहींशी करण्याची एक युक्ति तर छायाचित्रणाइतकीच जुनी आहे, आणि जुनीं चित्रें वाचणाऱ्यानें ती ओळखून ठेवणें अवश्य आहे. १८३८ सालीं दागेर यानें पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचें चित्र घेतलें. पट्टी फार मंद असल्यामुळें भिंग कित्येक मिनिटें उघडें ठेवावें लागलें, आणि तेवढ्या वेळांत जीं माणसें व घोडे हालले त्यांची कांहींच खूण उमटली नाहीं. बूट पुसून घेण्यासाठीं स्थिर उभा राहिलेला एक मनुष्य तेवढा कोपऱ्यांत दिसतो. जुन्या बाजारांचीं आरंभींचीं चित्रें ओस दिसतात त्याचें कारण पुष्कळदां हेंच. बाजार ओस नव्हता, पट्टी मंद होती. आतां पट्टीही गेली व मंदपणाही गेला, तरी भिंगावर काळसर कांच चढवून तोच परिणाम हौसेनें साधतां येतो. तशी प्रत घ्यावयास हरकत नाहीं. खांबांचे तळ व फरशी दिसण्यास ती उपयोगीही पडते. मात्र भिंग किती वेळ उघडें होतें हें तिच्यासोबत लिहिलें पाहिजे, आणि त्याच जागेवरून त्याच वेळीं घेतलेली गर्दीची प्रत तिच्या शेजारीं असली पाहिजे. एकटी ती प्रत पुढील संशोधकास फसवील.

रिबैरेचा विशेष असा कीं तुलनेचें साधन तिच्या पोटांतच आहे. पॅरिसच्या 'ले आल' या मंडईचा घाऊक व्यापार १९६९ सालीं शहराबाहेर गेला आणि १९७१ पासून तिचे लोखंडी मंडप पाडण्यांत आले. एक मंडप काय तो नोझां-सुर-मार्न येथें हलवून वांचविला. माद्रिदची सान मिगेल मंडई, १९१६ सालची लोखंडी इमारत, २००९ सालीं सबंधच्या सबंध खाण्यापिण्याची झाली. लिस्बनमध्यें मात्र जुना व्यवसाय व नवा व्यवसाय भिंतीला भिंत लावून चालू आहेत. म्हणून जाणत्या छायाचित्रकारानें येथें पहिली गोष्ट करावी ती ही : मंडईच्या चालू भागांतील एक खण निवडावा, त्यास समोरून सरळ टिपावें, आणि मग तितक्याच अंतरावरून, तितक्याच उंचीवरून व त्याच भिंगानें खाद्यदालनांतील एक खण टिपावा. एका चित्रांत मासळीचा ओटा, त्याच्या पुढची ओली फरशी, तराजू. दुसऱ्यांत काळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांची एकाच घाटाची पाटी व तिच्याखालीं स्वयंपाकघर. हीं दोन चित्रें शेजारीं ठेवलीं असतां खांब कोठें उघडा राहिला, कोठें झांकला गेला, प्रकाश वरून किती येतो व दिव्यांचा किती, हें शंभर ओळींच्या वर्णनापेक्षां स्पष्ट कळतें. दोन प्रतींचा पाठ जुळवून पाहणें यालाच म्हणतात.

कॅमेरा समपातळीत धरावा. तो वर कलविला कीं खांब माथ्याशीं एकमेकांकडे झुकतात, आणि अशा चित्रावरून मापें काढणें कठीण जातें. उंच छप्पर चौकटींत आणावयाचें तर कॅमेरा न कलवितां भिंग तेवढें वर सरकवितां येईल असें सरकतें भिंग वापरावें. तें नसेल तर मागें जावें, अथवा खालचा फाजील भाग येऊं द्यावा व तो नंतर कातरावा. निदान एका चित्रांत खांबाला टेकवून मोजपट्टी उभी करावी, जशी ताम्रपटाचा ठसा छापतांना आपण शेजारीं ठेवतों. रंगांच्या बाबतींत मोठी अडचण आहे. वरच्या झरोक्यांतून येणारा दिवसाचा प्रकाश निळसर, दालनांतील दिवे पिवळसर. एकाच चित्रांत दोन्ही आले म्हणजे पांढरा रंग कोणता याचा निवाडा होत नाहीं. ठराविक रंगांची पट्टी एका चित्रांत धरून ठेवली म्हणजे पुढें दुरुस्तीस आधार मिळतो. दिवसाच्या वेळाही बदलून घ्याव्या. मंडईचा दिवस सकाळीं असतो व दुपारीं आटोपतो, खाद्यदालनाचा दिवस त्याच सुमारास भरांत येऊन रात्रीं उशिरां संपतो. एकाच वेळीं टिपलेलीं चित्रें एका भागाशीं अन्याय करतील.

सर्वांत मोलाचें चित्र बहुधा सर्वांत कुरूप असतें. जुनें व नवें जेथें मिळतें तो सांधा : नव्या भिंतीची कड जुन्या खांबास कशी भिडविली आहे, धुराचे नळ छपरांतून कोठून बाहेर काढले आहेत, नवें पाणी व वीज कोणत्या बाजूनें आणली आहे, जुन्या फरशीचा एखादा तुकडा कोठें शिल्लक राहिला आहे काय. पोथीच्या शिवणीकडे, पानांच्या जोडांकडे व कागदाच्या बदलाकडे पाहूनच ती किती वेळां बांधली हें ठरतें. अक्षराच्या सौंदर्याकडे पाहून ठरत नाहीं. इमारतीचें तसेंच आहे. पन्नास वर्षांनीं खाद्यदालन उठून तेथें आणखी कांहीं आलें, तर नवें बांधकाम काढतांना जुन्यास कोठें धक्का लागला हें सांगणारीं साधनें हींच सांध्यांचीं चित्रें. छपरांच्या कैच्यांचीं सुंदर चित्रें तोंपर्यंत हजारों झालेलीं असतील.

जुन्या चित्रांच्या जागा शोधून काढून तेथूनच पुन्हा चित्र घेणें, हें आणखी एक काम. लिस्बनच्या नगरपालिकेच्या दफ्तरखान्यांत शहराच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह आहे. जोझुए बेनोलिएल (१८७३-१९३२) हा त्या शहराचा आद्य वृत्तछायाचित्रकार. रस्ते, गोदी, बाजार, मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांचीं त्यानें घेतलेलीं चित्रें तेथें जपलेलीं आहेत. जुन्या चित्राची जागा सांपडविण्यास भिंगाची माहिती लागत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. जवळची वस्तु दूरच्या वस्तूस कोठें झांकते हें केवळ पाहणाराच्या जागेवर अवलंबून असतें. भिंग बदललें तर चौकट लहानमोठी होते, झांकणें-उघडणें बदलत नाहीं. म्हणून जुन्या चित्रांत जवळच्या खांबाची कड मागच्या कमानीस जेथें छेदते तो बिंदु धरावा व तोच छेद डोळ्यांस दिसेपर्यंत पुढेंमागें, डावीउजवीकडे सरकावें. असे दोन छेद जुळले कीं जागा जुळली. एखादा खांब आज अस्तित्वांतच नसेल तर जुळवाजुळव अडते, आणि तें अडणेंच महत्त्वाचा शोध ठरतो.

माणसांविषयीं दोन शब्द. पोर्तुगालच्या १९६६ च्या दिवाणी कायद्यांत (कलम ७९) माणसाच्या प्रतिमेवर त्याचा हक्क मानला असून ती प्रसिद्ध करण्यास सामान्यतः त्याची संमति लागते. सार्वजनिक जागेच्या दृश्यांत सहज आलेल्या चेहऱ्यांस सवलत आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, ओट्यामागें उभ्या असलेल्या बाईस विचारल्याशिवाय तिचें जवळून चित्र घेणें असभ्यपणाचें आहे. विचारलें तर बहुधा दुहेरी लाभ होतो. ओटा किती वर्षांचा, पूर्वीं कोणत्या रांगेंत होता, भाडें कोणास भरावें लागे, हें ती सांगते. तें लिहून घ्यावें. अमेरिकेंत १९३३ सालीं ऐतिहासिक इमारतींची जी पाहणी सुरू झाली तिच्यांत छायाचित्रें, मोजून काढलेले नकाशे व लिखित इतिहास अशीं तिन्ही अंगें एकत्र ठेवण्याचा शिरस्ता पडला व तें सर्व तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत जमा होत गेलें. तिन्ही एकत्र असण्यांतच त्या संग्रहाचें सामर्थ्य आहे. मासळीचा वास व लिलावाची आरोळी कोणत्याही भिंगांतून उतरत नाहीं.

खाद्यदालन ही मंडईची विटंबना आहे असें कांहींजण म्हणतील. प्रस्तुत लेखकाचें मत तसें नाहीं, तरी तें आनंदाचेंही नाहीं. ज्या छपराखालीं कोणी भाडें देत नाहीं तें छप्पर गळूं लागतें, आणि गळक्या छपराचा शेवट पॅरिसनें दाखवून दिला आहे. लिस्बनचें छप्पर उभें आहे तें जेवणाऱ्यांच्या पैशांवर. परंतु जेथें शहरवासी रोजचा बाजार करीत तेथें आतां पुष्कळसे प्रवासी एकदांच जेवून जातात, हा फरक इमारतीच्या दगडांत वा लोखंडांत उमटत नाहीं. तो टिपावयाचा तर पाट्यांवरील भाषा, मेजांवरचीं भांडीं, दरपत्रकें, कोणत्या दारानें कोण आंत येतो, हेंच टिपावें लागेल. म्हणजे शुद्धतावादी जें पुसून टाकतो नेमकें तेंच.

आपल्याकडे पुण्याची मंडई १८८६ सालीं लॉर्ड रे यांच्या नांवानें उघडली व आतां महात्मा फुले यांच्या नांवानें चालते. मुंबईची क्रॉफर्ड मंडई १८६९ ची, दर्शनी कमानींवरील शिल्पें लॉकवुड किपलिंग यांच्या योजनेचीं. दोन्ही अद्याप मंडया आहेत. पुण्यांत २०२४ सालीं भुयारी रेल्वेचें मंडई स्थानक सुरू झाल्यापासून त्या परिसराचें रूप झपाट्यानें पालटत आहे. येथें लिस्बनसारखें कांहीं होवो वा न होवो, बदलाच्या आधींची प्रत बदलानंतर घेतां येत नाहीं. एखाद्या सभासदानें मनावर घेतल्यास अष्टकोनी मनोऱ्यापासून निघणारे सर्व मंडप, प्रत्येकाचा एकेक खण, ओटे, तराजू व पाट्या यांसकट, आठ-दहा सकाळींत पुरे होण्याजोगें हें काम आहे.

असा संच मंडळाच्या संग्रहांत आल्यास त्याची नोंद पोथीसारखीच व्हावी. प्रत्येक चित्रास अनुक्रमांक. इमारतीच्या नकाशावर उभें राहण्याची जागा व बाणानें दिशा. तारीख व वेळ. जमिनीपासून भिंगाची उंची. भिंग उघडें असण्याचा काळ. चित्र कातरलें असल्यास किती, आणि पुसलें असल्यास काय. कॅमेऱ्यांतून आलेली कच्ची फाईल हात न लावतां वेगळी ठेवावी, दुरुस्त केलेली प्रत वेगळी, आणि दोहोंचा क्रमांक एकच असावा. निदान एकेक संच दोन वेगळ्या गांवीं असावा. पुष्पिकेच्या जागीं प्रतकारानें आपलें नांव, गांव व शक घालावा.